कौसाबाईची सर्वपित्री

दर अमावस्येला सकाळी माझ्या नातसुनेच्या मोबाइलवर एक लांबलचक मजकूर येतो. अमावस्येला काय करावं आणि काय करू नये. केस कापू नका, नवा कपडा घालू नका, प्रवास टाळा, पिंपळाला पाणी घाला, पितरांसाठी दिवा लावा. ती मला तो मोठ्यानं वाचून दाखवते आणि विचारते, "आजी, हे खरं असतं का?"

मी म्हणते, मला काय विचारतेस. मी अमावस्येची मालकीण आहे का? ती मालकीण आमच्या शेजारी राहत होती. आता नाही.

आमचं गाव चिखली तालुक्यात, उंद्रीपासून जवळच. कौसाबाईच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. तिच्या घरात भांडं पडलं की आमच्याकडे कळायचं कोणतं पडलं ते. मी लग्न होऊन आले तेव्हा ती त्या घरात जुनी झालेली होती. उंच, हाडापेरानं मोठी, पदर खोचून अशी चालायची की लोकांना वाटावं कुठे आग लागली. जेवायची उभ्यानं. हसली की नाकातून आवाज यायचा. तिला कोणी सल्ला दिलेला खपत नसे, आणि सल्ला दिल्याशिवाय तिला राहवत नसे.

तिचा नवरा तुळशीरामभाऊ. माणूस गरीब स्वभावाचा, पण डोक्यानं हळूहळू सरकत गेला. आधी झोप गेली, मग आपल्याशीच बोलायला लागले, मग कोणी मागे लागलंय म्हणायला लागले. एका शुक्रवारी उंद्रीच्या बाजाराला म्हणून निघाले, ते परत आलेच नाहीत. पोरगी रेखा तेव्हा अंगणवाडीत जात होती. दीर किसन सगळीकडे फिरला. चिखली, मेहकर, खामगाव, शेगाव. पोलिसांत फोटो दिला. कुठून काही कळलं नाही.

मेला म्हणून कोणी सांगितलं नाही, जिवंत आहे म्हणूनही कोणी सांगितलं नाही. बाईमाणसासाठी यापेक्षा वाईट जागा नाही. रडावं तर कशावर, आणि हसावं तर लोक काय म्हणतील. कौसाबाईनं दोन्ही केलं नाही. तिनं अमावस्या धरली.

तशा अमावस्या आम्ही सगळ्याच पाळायचो. उंबरा धुवायचा, लिंबू-मिरची बांधायची, लहान लेकरांना तिन्हीसांजेला बाहेर जाऊ द्यायचं नाही, इतकंच. कौसाबाईची अमावस्या वेगळी होती. तिच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, पण त्याच्यावर तिचा भरवसा नव्हता. महिना संपत आला की पहाटे अंगणात उभी राहून उगवतीकडे पाहायची. चंद्राची कोर दिसली तर अमावस्या अजून यायची आहे. नाही दिसली तर आली.

"अन् ढग असले तर?" मी एकदा विचारलं.

"तर कॅलेंडर पाह्यतो," ती म्हणाली. "ढगाच्या मांगं थोडीच जातो मी?"

मग अंगण सारवायचं, उंबरा धुवायचा, दक्षिणेकडे तोंड करून एक पणती लावायची. आणि दुपारी एका अनोळखी माणसाला पोटभर जेवू घालायचं. अनोळखीच पाहिजे. गावातला चालत नसे. त्यासाठी ती रस्त्यावर उभी राहून माणूस धरून आणायची. चादरी विकणारा, ट्रॅक्टर बिघडला म्हणून थांबलेला ड्रायव्हर, कोणाच्या घरचा पत्ता विचारणारा पाहुणा. त्याला ओट्यावर बसवायची आणि तो नको म्हणेपर्यंत, खरं तर नको म्हटल्यावरही, वाढत राहायची.

एकदा तिनं देऊळघाटचा एक भंगारवाला धरला. म्हातारा मुसलमान माणूस, हातगाडी घेऊन घाबरून उभा.

"अम्मा, मैने कुछ नहीं लिया," तो म्हणाला.

"घेतलं कोण म्हंते? बस. जेव."

"आज क्या है?"

"अमावस्या हाये."

"अमावस को तो लोग दरवाजा बंद रखते है, अम्मा."

"मंग तुह्यासाठी उघडलं ना म्या. बस खाली."

तिची सासू ओसरीतून ओरडली, "अवं, पितराच्या दिवशी कोणालेबी काऊन बसवून राह्यली व?"

कौसाबाई त्याच्या ताटात कढी ओतत म्हणाली, "पितरं बी कोणालेबी चालतात, माय. जेवण पाह्यतात ते, माणूस नाई."

तो पोट भरून जेवला. जाताना तिनं त्याला फुटकी परात दिली आणि तिचा भाव करताना चांगलं अर्धा तास भांडली.

तिनं मला तिचा हिशेब एकदाच सांगितला. तुळशीराम जिवंत असतील तर कुठेतरी कोणाच्या तरी दारात बसून जेवत असतील. इथं आपण एकाला वाढलं की तिकडे कोणीतरी त्यांना वाढतं. हा हिशेब मला तेव्हाही पटला नाही, आताही पटत नाही. असं असतं तर जगात कोणी उपाशी राहिलंच नसतं. पण मी तिला तसं बोलले नाही. काही गोष्टी माणसाला उभं ठेवतात, त्या खऱ्या की खोट्या हे शेजारणीनं ठरवायचं नसतं.

नवऱ्याबद्दल मात्र ती चांगलं कधी बोलली नाही. "येऊ दे त्याले. झाडूनंच ओवाळतो," असंच बोलायची. नाव घेत नसे. तो, त्याले, त्यानं. त्यांची सायकल, विळा, घोंगडी, सगळं तिनं गावात वापरायला देऊन टाकलं. कोणी म्हटलं, अगं आठवण म्हणून ठेव, तर म्हणायची, "घोंगडी पेटीत ठेवली तर कसर खाईन. अंगावर राह्यली तर टिकन."

खरा पेच पडला तो सासूमुळे.

सासू वाईट नव्हती. मुलाच्या जाण्यानं ती आतून सुकत गेली. रेखा मोठ्या शाळेत जायला लागली होती तेव्हाची गोष्ट. पितृपक्ष सुरू झाला. सर्वपित्री अमावस्येला ज्यांच्या मरणाची तिथी माहीत नसते, त्यांच्याही नावानं पान वाढतात. त्यातला घास घरावर टिनावर ठेवतात आणि कावळा शिवला की तो पोचला असं समजतात. म्हातारीनं हट्टच धरला की या वर्षी तुळशीरामच्या नावानं घास टाकायचा.

मी अमावस्येच्या सकाळी त्यांच्याकडे गवारीच्या शेंगा मोडायला बसले होते. घरात आम्ही तिघीच.

म्हातारी म्हणाली, "इतके वर्स झाले. माहं लेकरू तिकडं उपाशी फिरून राह्यलं असन. सगळ्याइची पितरं जेवतात, अन् माह्या पोराले कोणी घास देत नाई."

"अन् जिता असन तर?" कौसाबाई म्हणाली.

"जिता असता तर आला नसता?"

"त्याले रस्ता सापडला नसन. घरात असताना त्याले मोरी सापडत नोती, माय."

"तू हसतं व? माह्या पोटचा गोळा हाये तो!"

"हसत नाई मी. जित्या माणसाचा घास टाकला तर त्याचं आयुष्य तोडल्यासारखं होते. तुमीच सांगत होत्या मले."

"अन् मेला असन तर? आपल्या हट्टापायी तो भुका राह्यला तर?"

कौसाबाईनं डांगराच्या फोडी करता करता वर पाहिलं आणि म्हणाली, "आज चंद्र दिसला नाई म्हून तो मेला का? हाये तिकडंच कुठीतरी. दिसत नाई, इतकंच."

मी शेंगा मोडत राहिले. म्हातारीचं चुकलं असं मला म्हणता येईना. कौसाबाईचंही म्हणता येईना. एकीला पोरगा उपाशी राहण्याची भीती, दुसरीला नवऱ्याचा जीव जाण्याची. आणि दोघींनी मिळून चूल एकच पेटवलेली.

दुपारी किसननं घास टाकलाच. आईचा शब्द त्याला मोडता आला नाही. वडे, खीर, कढी, गवार, डांगर, सगळं पानावर. त्यानं शिडी लावून टिनावर ठेवलं, भावाचं नाव घेतलं आणि तो खाली उतरतो न उतरतो तोच कावळा आला. एरवी कावळा यायला लोक तास-दोन तास हाका मारत बसतात. हा जणू वाटच पाहत होता. त्यानं वडा उचलला, खिरीत चोच घातली. म्हातारीनं हंबरडा फोडला. जमलेल्या बायाही रडायला लागल्या. कोणीतरी कौसाबाईला धरायला गेली.

कौसाबाई टिनाकडे पाहत होती. म्हणाली, "कावळ्याले भूक लागली होती. त्याले कोणाची बी खीर चालते."

"वहिनी, असं बोलू नका," किसन म्हणाला. "माह्या हातानं टाकला म्या."

तेवढ्यात म्हातारी उठली, डोळे पुसले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आता ते कुकू पूस. अन् गळ्यातलं काढ."



कौसाबाई म्हणाली, "माय, तुमच्या पोराचं तुमी केलं. माह्या नवऱ्याचं मी पाह्यतो." आणि आत जाऊन तिनं स्वतःचं ताट वाढून घेतलं. त्या दिवशी मात्र ती बसून जेवली.

म्हातारीला त्यानंतर खरंच शांत वाटलं. पोरगा जेवला, एवढंच तिला हवं होतं. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. शेवटचे महिने तिला उठवणं-बसवणं, धुणं-पुसणं सगळं कौसाबाईनं केलं, आणि तोंडानं रोज भांडतही राहिली. म्हातारी मेली तेव्हा ती जितकी रडली तितकी मी तिला कधी रडताना पाहिली नव्हती.

पण गावानं त्या कावळ्याचं ऐकलं. हळदीकुंकवाला तिला बोलावणं यायचं बंद झालं. कोणी तोंडावर काही म्हणत नसे, फक्त आवतण यायचं नाही. ओटी भरायची वेळ आली की बाया तिच्या कपाळाकडे पाहायच्या, मग एकमेकींकडे. ती ते पाहायची आणि पदर खोचून निघून जायची.

रेखाचं लग्न साखरखेर्ड्याला ठरलं तेव्हा पत्रिका छापायची होती. व्याही सज्जन माणूस. अडखळत विचारलं, "विहीणबाई, मुलीच्या वडिलांच्या नावाआधी... म्हणजे कैलासवासी छापायचं का?"

"नुसतं नाव छापा," ती म्हणाली.

"मग लोक विचारतील, बाप कुठे आहे."

"इचारू द्या. सांगजा, येऊन राह्यला, रस्त्यात हाये."

व्याह्याला हसावं की काय करावं कळेना. पत्रिकेवर नुसतं नाव आलं. कन्यादान किसननं आणि त्याच्या बायकोनं केलं. मांडवात एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला की जो मेला त्याचं नाव जित्यासारखं छापणं म्हणजे अपशकुन. कौसाबाईनं त्याला जिलेबी वाढता वाढता म्हटलं, "तुमी जिते हा ना बाबा? मंग गोड खा अन् गप राहा."

रेखा नांदायला गेली, तिला लेकरं झाली. कौसाबाईच्या अमावस्या चालूच. मग एके दिवशी सकाळी सरपंचाचा मुलगा मोबाइल घेऊन पळत आला. दूर तिकडे दक्षिणेत रस्त्यावर फिरणाऱ्या वेडसर लोकांना ठेवून घेऊन औषधपाणी करणारी एक संस्था होती. तिथला एक म्हातारा बरेच महिने औषध घेतल्यावर गावाचं नाव सांगायला लागला होता. त्यांनी पोलिसांकरवी सरपंचाला गाठलं. आता ते व्हिडिओवर दाखवणार होते.

आम्ही सगळे कौसाबाईच्या ओट्यावर जमलो. पडद्यावर एक माणूस दिसला. केस बारीक कापलेले, गालफडं आत गेलेली, दात नाहीत. मला विचाराल तर मी ओळखलं नाही. किसन इतका घाबरला होता की पडद्याकडे पाहतच नव्हता.

कौसाबाईनं मोबाइल हातात घेतला, तोंडाजवळ धरला आणि जितकं मोठ्यानं ओरडता येतं तितकं ओरडली, "कोण हाये? कोणत्या गावचा तू? बोल!"

पडद्यावरच्या माणसानं तोंड वाकडं केलं. मग म्हणाला, "काऊन ओरडून राह्यली व? बहिरा हाये का मी?"

कौसाबाईच्या नाकातून तो आवाज आला. "हाच हाये," ती म्हणाली आणि मोबाइल सरपंचाच्या पोराकडे देऊन खाली बसली. खाली म्हणजे ओट्यावर नाही, सरळ जमिनीवर.

किसन आणि जावई जाऊन त्यांना घेऊन आले. आणि खरं भांडण इथून सुरू झालं.

गाडी दारात उभी राहिली, तुळशीरामभाऊ उतरले, आणि किसन उंबऱ्यात आडवा झाला. मारायला नाही. "वहिनी, दादाले आत नेऊ नका," तो म्हणाला. "त्याचा घास टाकलेला हाये. माह्या हातानं. मेल्या माणसाचा झाला तो. त्याले असंच घरात घेतलं तर घराचं काय होईन? त्याचं काय होईन?"

लोक म्हणतील काय अडाणीपणा. पण किसनचं खोटं नव्हतं. त्यानंच टिनावर चढून भावाचं नाव घेतलं होतं. इतकी वर्षं त्याच्या मनात ते होतं आणि भाऊ जिवंत उभा पाहून आनंदाच्या आधी त्याला तेच आठवलं.

कौसाबाई भांडली असती तर जिंकली असती. सगळ्यांना तेच वाटलं. तिनं दिराकडे पाहिलं, मग आमच्या घराकडे. "इंदू," मला म्हणाली, "तुह्या ओट्यावर जागा हाये का?"

तर तुळशीरामभाऊ आमच्या ओट्यावर राहिले. तिथंच झोपले, तिथंच जेवले. कौसाबाई भिंतीच्या पलीकडून ताट आणायची आणि शेजारी उभी राहून त्यांच्यावर खेकसायची. ते निमूट जेवायचे. गोळ्या देताना तोंड उघडून गिळली का पाहायची. मधेच ते विचारायचे, "माय कुठी हाये?" ती सांगायची, "गेली." ते परत विचारायचे. ती परत सांगायची. एवढंच मी तिला न ओरडता बोलताना ऐकलं.

किसननं महाराजांना आणलं. आमच्याकडे पूजा सांगणाऱ्या ब्राह्मणाला महाराज म्हणतात. ते म्हणाले, शास्त्राप्रमाणे ज्याचं मेल्याचं केलं तो परत आला तर त्याचा नवा जन्म धरतात. स्नान घालायचं, पाळण्यात घालून नाव ठेवायचं, आणि बायकोशी परत लग्न लावायचं. मग तो घरचा.

"परत लग्न?" कौसाबाई म्हणाली. "एकदाच केलं तर पस्तावली मी."

"विधीपुरतं, बाई. चांगला मुहूर्त काढतो."

"अमावस्येले करा."

महाराज दचकले. "अमावस्येला बारसं? अमावस्येला लग्न? कोणी करतं का?"

"अमावस्येलेच मारलं ना तुमी लोकाइनं त्याले? मंग अमावस्येलेच जिता करा. दुसऱ्या दिवशी केलं तर फिटन कसं?"

महाराज बराच वेळ डोकं खाजवत होते. शेवटी म्हणाले, शांतीविधी आहे, त्याला चालेल.

अमावस्येला सकाळी सगळं गाव आलं. आवतण नव्हतं तरी आले. ज्या बाया इतकी वर्षं तिच्या कपाळाकडे पाहत होत्या त्या सगळ्यांच्या आधी. आमच्याच अंगणात तुळशीरामभाऊंना आंघोळ घातली. पाळणा कुठून आणायचा? किसननं कडुलिंबाच्या फांदीला धोतराची झोळी बांधली. सत्तरीला टेकलेला माणूस त्यात घालणार कसा? तर ते झोळीत नुसते टेकले, पाय जमिनीवर, आणि दोघांनी मागून आधार दिला. आत्यानं कानात नाव सांगायचं असतं. त्यांची आत्या कधीच गेली, म्हणून बहीण सखूबाई पुढे झाली. तीही म्हातारी, कानानं कमी ऐकणारी. तिनं कानाशी तोंड नेलं आणि इतक्या मोठ्यानं "कुर्रर्र" केलं की फांदीवरची पाखरं उडाली. तुळशीरामभाऊ दचकून म्हणाले, "अवं सखू, म्हातारी झाली का तू?" रिवाजाप्रमाणे बायांनी सखूबाईच्या पाठीत बुक्क्या मारल्या. अंगण हसून हसून लोळलं.

"नाव काय ठेवायचं?" महाराजांनी विचारलं.

"तेच," कौसाबाई म्हणाली. "नवं कोण पाठ करन?"

मग लग्न. मुलीकडून कन्यादान कोण करणार? कौसाबाईच्या माहेरचं कोणी उरलं नव्हतं. शेवटी रेखा आणि जावई पाटावर बसले. पोरीनं आईचं कन्यादान केलं. रेखाची धाकटी म्हणाली, "आजीचं लग्न, आजीचं लग्न," आणि तिला कोणी गप्प केलं नाही. महाराज म्हणाले, "आता मंगळसूत्र काढा, नवऱ्याच्या हातानं परत घालायचं आहे."

कौसाबाई म्हणाली, "हे निंघणार नाई."

"विधी आहे, बाई. क्षणभर काढायचं."

"मायनं म्हटलं तवा काढलं नाई. गावानं तोंडं फिरवले तवा काढलं नाई. आता जिता समोर बसला असताना तुमच्यासाठी काढू? तसेच फुलं वाहा अन् मोकळे व्हा."

महाराजांनी तसंच केलं. तुळशीरामभाऊंनी काळ्या मण्यांवर फूल ठेवलं आणि हात तिथंच राहू दिला. तिनं तो झटकला नाही.

मग किसननं स्वतः भावाचा हात धरून त्याला उंबऱ्याच्या आत नेलं. आत गेल्यावर किसन जो रडायला लागला तो थांबेना. कौसाबाई त्याच्या पाठीवर थापा मारत म्हणत होती, "आता काऊन रडता भाऊजी? आला ना. झालं ना. बसा, जेवा." संध्याकाळी बायांनी तिची ओटी भरली. तिनं भरून घेतली आणि एकीलाही मागचं काही बोलली नाही. मी असते तर बोलले असते.

तुळशीरामभाऊ पूर्ण बरे झाले नाहीत. गोळी चुकली की बडबडायचे. पण घरात होते. सायकल विचारत होते, घोंगडी विचारत होते. गावानं एकेक करून आणून दिली, घोंगडी फाटलेलीच होती. कौसाबाईचं रस्त्यावर उभं राहून माणसं धरणं बंद झालं. वाढायला घरातच माणूस होता.

काही हिवाळे असे गेले. मग एका सकाळी ते चहा पीत होते. बशी खाली ठेवली आणि भिंतीला टेकले. संपलं. मी धावत गेले तेव्हा कौसाबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मला पाहून तिनं रडत नाही, काही नाही, सरळ विचारलं, "आज तिथी कोणती व?"

मी कॅलेंडर पाहून सांगितलं, "पंचमी."

"पंचमी," ती म्हणाली. "बरं झालं."

कोणी बाया यायच्या आत तिनं स्वतःच्या हातानं मंगळसूत्र काढलं आणि पदराला बांधलं. मान दोन्ही बाजूंना फिरवली. वैरणीचा भारा उतरवल्यावर बाया फिरवतात तशी. बायांचं ते काढताना होणारं रडणं मी पुष्कळ पाहिलं आहे. हे तसं नव्हतं. तिच्या माणसाला मरणाची तिथी मिळाली होती. तो आता कोणाच्या अंदाजानं मेलेला नव्हता.

त्या वर्षी मी मोठ्या पोराकडे बुलढाण्याला राहायला गेले. गुडघे गेले होते, एकटीला होत नव्हतं. कौसाबाई गेल्याचं मला फोनवरच कळलं, आणि त्या दिवशी मला कोणी गावी न्यायला तयार झालं नाही. म्हणून मला शेवटची आठवते ती त्याआधीची, पितृपक्षातली. मी चार दिवस गावी गेले होते. तुळशीरामभाऊंचं पान तिनं पंचमीला वाढलं होतं, सगळं रीतसर. नंतर सर्वपित्री आली. घरोघरी खीर उकळत होती, टिनावर पानं ठेवली जात होती, लोक काव काव करत होते. मी वाटीत खीर घेऊन भिंतीच्या पलीकडे गेले.

किसनची सून चुलीपाशी होती. म्हणाली, "मावशी, मोठ्याबाई झोपल्या. म्हणल्या, मले उठवू नका, आज माहं कोणी नाई."

कौसाबाई आतल्या खाटेवर पाय पसरून झोपली होती. भर दुपारची वेळ. तोंड उघडं, पदर अस्ताव्यस्त, वर पंखा. घोरत होती, चांगली दमदार. बाहेर एवढा गोंगाट, पण तिला त्याचं काही नव्हतं.

मी खिरीवर ताटली झाकली आणि दार ओढून घेतलं.